सात नंबरच्या पाईपचं तोंड

४ मार्च
रेड्याचं नाक फोडलं. माझा खालचा ओठ फाटला. फिटंफाट.

कचऱ्याच्या ढिगावर मशीन फिरवणारा हा ड्रायव्हर, सगळे त्याला रेडाच म्हणतात — मागं घेताना बघतच नाही. आज पाणी मोजायच्या सात नंबरच्या बोअरवर घातलं. जमिनीच्या वर आलेला पाईप वाकला, चिरला. मी ओरडलो तर वरून म्हणतो, "नळीच आहे ती, तुझ्या बापाची मान नाही." माझा बाप वारून वर्ष झालं. मी मशीनवर चढलो. पुढचं नीट आठवत नाही. हातात दगड होता एवढं आठवतं.

नंतर दोघांनीच मिळून चिरलेलं तोंड करवतीनं कापून टाकलं. आता पाईप कसा गुळगुळीत दिसतो, जन्मापासून तेवढाच असल्यासारखा. पाण्याची तपासणी करणाऱ्या आमच्या मॅडमना कळता कामा नये. त्यांनी मागच्या महिन्यात बजावलंय — "आणखी एक मारामारी, की तू गावी." गावी कुठल्या तोंडानं जाऊ? चुलतभावाचा हात मोडून आलोय.

५ मार्च
बाराही बोअर मोजल्या. पट्टी आत सोडायची, पाण्याला टेकली की शिट्टी वाजते, पाईपच्या काठाशी आकडा वाचायचा, वहीत लिहायचा; आकडा कमी तेवढं पाणी वर. एवढंच काम, पण मॅडमचा सगळा कारभार त्या वहीवर.
सातमध्ये पाणी हातभर वर आलेलं. पाऊस नाही, काही नाही. आलं तर आलं.

८ मार्च
ढिगाशेजारच्या वस्तीवाल्यांनी आमची गाडी फोडली. मॅडमना वस्तीच्या पंपाचं पाणी तपासायला बाटलीत भरून हवं होतं. भरू दिलं नाही. "घाण निघाली की पंपाला सील ठोकणार तुम्ही. मग काय प्यायचं, तुमचा कॉम्प्युटर?"

एक धोंडा माझ्या बरगडीत बसला. मारणाऱ्याच्या मागं पळालो, गटारात पाडला, दोन ठेवून दिल्या. मॅडमना दिसलं नाही, त्या सीटखाली डोकं घालून बसल्या होत्या. शेवटी मावशीनं कान पिरगळून मला बाजूला काढलं. तिच्याच मागच्या खोलीत राहतो मी. म्हणाली, "खातोस आमच्यात आणि मारतोस पण आम्हालाच?"

मॅडम म्हणाल्या, पाणी देत नाहीत तर राहू दे. ढिगाखालची घाण कुठल्या बाजूला वाहते ते बारा बोअरच्या आकड्यांवरून कॉम्प्युटर काढेल.

१२ मार्च
नकाशा झाला. सगळीकडे निळे बाण. जमिनीखाली पण पाणी उंचावरून उताराकडेच जातं म्हणे. सात नंबर वस्तीच्या कडेला. सातचं पाणी वर, ढिगाखालचं त्याच्यापेक्षा खाली — म्हणून बाण वस्तीकडून ढिगाकडे. घाण वस्तीत येणारच नाही. मॅडमनी वस्तीत जाऊन सांगितलं, "पंप खुशाल वापरा."

ज्याला गटारात पाडला त्यानंच मला खांद्यावर घेतलं. मावशीनं तांब्या भरून दिला. गटागटा प्यायलो.

१३ मार्च
रेड्यानं तो कापलेला तुकडा मशीनमध्ये ठेवलाय, कुत्री हाकलायला. आज त्यानं एका कुत्रीचं कंबरडं मोडलं. ती मागचे पाय ओढत केकाटत होती, रेडा हसत होता, आणि मी तुकड्याकडे बघत उभा. हातभर लांब.

सातमध्ये पाणी वर आलं तेही हातभरच.

पाणी वर आलंच नव्हतं. मोजायचा काठ खाली आला होता. म्हणजे नकाशातले बाणही खोटे.

१४ मार्च
सांगायला गेलो. मॅडम चहा पीत होत्या. "काय रे?" म्हणाल्या. "काही नाही," म्हटलं. बाटल्या धुतल्या नि परत आलो.

१५ मार्च
भर दुपारी पहार घेतली आणि वस्तीचा पंप फोडला. दांडा, डोकं, सगळं. प्रत्येक घावाला बरं वाटत होतं — सांगण्यापेक्षा हे किती सोपं!
पाच-सहा जण होते. पहिली काठी मानेवर. मग मोजलं नाही.

१७ मार्च
डाव्या हातानं लिहितोय. उजव्याची दोन बोटं गेली कामातून. वरचे दोन दात पण.

पंप दुरुस्त झाला. दोनच दिवसांत! माझी हाडं जुळायच्या आत. मावशी पहिला तांब्या घेऊन माझ्याकडेच आली. "पी. आणि सांग, कशाला केलंस?" ती स्वतः अर्धा पिऊन आली होती, ओठ ओले होते. मी तांब्यावर हात मारला. तांब्यावर मारला, लागला तिच्या मनगटाला. बाईमाणसावर हात टाकला मी. जी भाकरी देते तिच्यावर.

ती मनगट धरून खाली बसली. मग मी सगळं ओकलो — रेडा, पाईप, करवत, वहीतला आकडा.
"हे मला काय सांगतोस? त्या बाईला सांग," म्हणाली. तिच्याच फोनवरून मॅडमना सांगितलं. त्यांनी सातचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग, "बरा झालास की सामान बांध."
मावशीनं पंपावर जाऊन मॅडमसाठी स्वतः दोन बाटल्या भरल्या. मनगट टम्म सुजलेलं. कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

२१ मार्च
मॅडम वस्तीत आल्या. मी भिंतीला धरून उभा राहिलो. त्यांनी सगळं सांगितलं, माझ्या नावानिशी. आकडा दुरुस्त केल्यावर सगळे बाण उलटे फिरले, ढिगाकडून वस्तीकडे. बाटल्यांतही घाण निघाली. लोकांनी काठ्या आणलेल्याच होत्या. मी डोळे मिटून घेतले. माझ्यामुळे ही माणसं आठवडाभर विष प्यायली, मारू देत.

मॅडम म्हणाल्या, "आठवडाभर नाही हो. एवढ्या उतारानं घाण इथवर यायला लागणारा काळ ढिगाच्या वयातून वजा केला, तरी सहा वर्षं तुम्ही हेच पिताय."

मावशीनं विचारलं, "मग आता मारायचं कुणाला?"
 काठी कुणीच खाली ठेवली नाही.