नेलपॉलिशवाल्या गोगलगायी आणि माझी पहिली बायको

म्वांझा, ऑक्टोबर

माझी पहिली आणि (तुझ्या मते) एकुलती एक बायको, म्हणजे आमची आजी, हिला तिचा नवरोबा नातू लुहेंदे याचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, तुझ्या बकऱ्या आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, सगळं ठणठणीत असेलच. पोटदुखीचं मात्र कळव. "नवरा दुसरीकडे गेला की पोट दुखणारच" हे तू नर्सबाईंना सांगितलेलं निदान इथे कुणाला पटलेलं नाही.

मी शहरात करतो काय, असं तू विचारतेस. तळ्यातल्या गोगलगायी पावसात किती वाढतील आणि कोरड्या दिवसांत किती मरतील, ते समीकरण मांडून आधीच सांगतो. (गोगलगायींना विचारत नाही.) आपल्या तळ्याचं गणित इतकं सुरेख जमलं होतं, की ऑगस्टात आकडा तळाला जाताना दाखवायला मी प्रोफेसरसाहेबांना गावी आणलं. माझ्या होणाऱ्या बायकोला, मिलेंबेला, आणलं ते तुला दाखवायला, आणि तिथेच चुकलो. कारण माझ्या हातात भातखाचरातल्या गोगलगायींची बादली होती, आणि मोजताना ओळखू याव्यात म्हणून त्यांना ठिपके दिले होते मिलेंबेच्याच लाल नेलपॉलिशचे!

"बघा हो साहेब! गोगलगायींचे लाड चाललेत, आणि मला मेलीला जन्मात एक बाटली नाही!" असं म्हणत तू बादली हिसकावलीस, गुडघाभर पाण्यात शिरलीस आणि सगळ्या सवती तळ्यात ओतल्यास. वर तिथेच अर्धी दुपार नाचलीस. आजीनं नातवाला नवरा म्हणून थट्टा केली तर नातवानं रागवायचं नाही, ही आपली रीत, म्हणून मी हसलो. (मिलेंबे जरा जास्तच हसली.)

पुढे तळं आटत गेलं आणि आकडा खाली जायचा तो वर गेला. शेवटी समीकरणात मी एक नवं अक्षर घातलं, 'आ'. म्हणजे आजी. साहेबांनी काही न विचारता मान हलवली; ते तिथे होतेच.

तुझा,
लुहेंदे

ता. क. मिलेंबेनं तुला बाटली पाठवलीय. लालच.

ता. क. खरं काम हे. त्या गोगलगायींतूनच रोग पाण्यात उतरतो आणि उघड्या पायांतून अंगात शिरतो. तुझं पोट माझ्या लग्नापायी दुखत नाहीये. नर्सबाई उंची मोजायची काठी घेऊन येतील, उंचीवरून गोळ्या किती ते ठरवतील; त्या देतील तेवढ्या सगळ्या जेवणानंतर घे. कडू आहेत, थुंकू नकोस. आणि तळ्यात उतरू नकोस. मी घाबरलोय गं.

ता. क. लग्नात नवरीची वाट अडवून रुसायला पहिली बायको, म्हणजे आजी, हवी, हीही आपली रीतच. तिची समजूत काढल्याशिवाय मिलेंबे घरात यायची कशी? 'आ' शून्य धरून, म्हणजे तू नाहीसच असं समजूनही, एकदा गणित करून पाहिलं. आलेखाची रेघ अगदी सुरेख येते. मी ती खोडली.