परवा म्हणजे कुठला?

दिंडोशी,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय सर्वेशदादा,

शि. सा. न. वि. वि. शाळेत पत्रलेखनाच्या मार्कांसाठी पाठ केलेलं, अजून हातात आहे बघ. पत्र बघून घाबरू नकोस. वाकोल्याचा सुशांत सुट्टी संपवून शनिवारी दोहाला परत निघालाय, त्याच्याकडे देतेय. फोनवर मी काही सांगायला लागले की तू "शांत हो गं" म्हणतोस आणि माझं डोकं आणखी फिरतं. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही.

दिवाळीला येणार नाहीस म्हणालास, मी "ठीक आहे" म्हटलं. ठीक नाहीये. पण ते नंतर.

बाबा मजेत, मीही मजेत. शेजारच्या ब्रिजेट आंटी दुपारी डोकावून जातात. त्यांनी तुझ्यासाठी घरी कुटून बाटलीत भरलेला त्यांचा तो बाटली मसाला दिलाय, तोही सुशांतकडेच आहे.

ऑफिसात मात्र वाट लागलीय. आमचं 'बोला' ॲप तुला माहितीये ना? म्हाताऱ्या माणसांनी फोनला मराठीत नुसतं सांगायचं, "उद्या सकाळी बीपीची गोळी," आणि फोन वेळेवर आठवण करून देणार. वर्षभर मान मोडून काम केलं त्यावर. मुलुंडच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात काही जणांना वापरायला दिलं. त्यातल्या एक सुंदराबाई. त्यांचे मिस्टर वारले. भेटायला आलेल्या कुणाला तरी त्या सांगत होत्या, "परवा आमचे हे गेले." फोन हातात, माइक चालू. आणि माझ्या शहाण्या ॲपने दोन दिवसांनी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आठवण. आज आमचे हे गेले."

परवा दोन्हीकडे जातो रे दादा! होऊन गेलेलाही परवा आणि यायचा तोही परवा. जन्मभर मराठी बोलतेय, पण कोड लिहिताना मी सगळे परवा पुढचेच धरले. सुंदराबाईंच्या सुनेने फोनवर माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नकोस. बरोबरच होतं तिचं, मी गुपचूप ऐकून घेतलं.

आमचा बॉस अनिरुद्ध म्हणतो, "रिलॅक्स. मराठी काढून टाक, हिंदी ठेव." म्हटलं, हिंदीत तर 'कल'सुद्धा दोन्हीकडचा. तर म्हणे, "मग इंग्लिशच ठेव ना यार." मुलुंडच्या आज्यांना! मी हसले, चांगली दात दाखवून हसले. लॅपटॉप त्याच्या डोक्यात घालावासा वाटत होता.

तरी बसून दुरुस्त केलं. आता कुणी परवा म्हटलं की ॲप विचारतं, "परवा म्हणजे येणारा की गेलेला?" झकास चालायला लागलं. तर ॲप स्टोअरवाल्यांनी अपडेट नाकारून परत पाठवलं. का, तर माइक कशाला लागतो ते नीट लिहिलेलं नाही. लिहिलं. पुन्हा परत, चित्रांचा आकार चुकलाय. बदलला. पुन्हा परत, आणि आता कारण पहिलंच! तोवर मुलुंडवाल्यांनी ॲप काढूनही टाकलं. मी पाणी प्यायले आणि पुन्हा तोच फॉर्म भरायला बसले. ऑफिसात सगळे म्हणतात, श्रुतिका किती शांत आहे.

ते दुरुस्त केलेलं ॲप मी बाबांच्या फोनमध्ये टाकलं होतं. तपासायला म्हणून.

बाबा मजेत असं वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे तसंच.

गेल्या आठवड्यात मी मेथी निवडत बसले होते. बाबा फोनला म्हणाले, "परवा जानकी येतली." अगदी सहज, गॅस संपलाय म्हणावं तसं. आई जाऊन तीन वर्षं झाली, दादा. फोनने विचारलं, "परवा म्हणजे येणारा की गेलेला?" मी मनात म्हणत होते, गेलेला म्हणा बाबा, गेलेला म्हणा. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "येणारो."

मी ती आठवण पुसू शकले असते, माझंच ॲप आहे. नाही पुसली. का, ते मला विचारू नकोस. दोन दिवसांनी सकाळी फोन बोलला, "आठवण. आज जानकी येतली." बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराजवळ खुर्ची ओढून बसले. जेवायला उठेनात. "ती येवंदे, मगे जेवतलंय." अंधार पडल्यावर म्हणाले, बस चुकली असेल तिची. मग शर्ट काढून नीट घडी घालून ठेवला.

होळीपासून चाललंय हे. डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढतच जाणार. तुला सांगितलं नाही, कारण तुझी नवी नोकरी, तुझा व्हिसा आणि तुझं ते "शांत हो गं". लांब बसून शांत राहायला काय लागतं रे? मी इथे शांत राहून राहून दमले. ॲप गेलं खड्ड्यात, दुसरं करीन. बाबांचं मला काहीच दुरुस्त करता येत नाहीये, आणि त्याचा राग मी तुझ्यावर काढतेय. काढणारच. दुसरं कोण आहे मला?

काल कपाटावरचा तुझा फोटो बघून त्यांनी विचारलं, "ह्यो कोण गो?" म्हटलं, सर्वेश. बराच वेळ बघत राहिले. मग एकदम खुलले. "आमचो सर्वेश? किती मोठो झालो!"

अजून नाव सांगितलं की ओळख पटते. दिवाळी राहू दे, फराळ राहू दे, माझी मदतही राहू दे. नाव सांगून ओळखतायत तोवर ये.

चिडलेली,
तुझीच श्रुती