दुसऱ्यांदा लाईट घ्यायच्या आधी

आय, ते परत आलंय. त्याच बाजूला, उजव्या कानाच्या वर, आत. सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायला लागली तवाच मला कळलं होतं, पण मी कोणाला बोलले नाय. मावशीने मोरीत पकडलं. मग एमआरआय झाला, आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना, मावशीला आणि मला समोर बसवून सांगितलं की गाठ वाढतेय, आता तिथं परत ऑपरेशन करता येणार नाय, पण लाईट, म्हणजे ते रेडिएशन, परत देता येईल. मी नऊ वर्षांची होते तवा तू मला जी लाईट द्यायला न्यायचीस तीच. आता मी सतराची हाय. तुला तो ताप आला आणि तू गेलीस, तवा मी अकराची होते. म्हणजे ह्या वेळी मला तुझ्याशिवाय जायचंय, आणि तेच मला कोणाला सांगता येत नाय.

तवा तू बाजारात मच्छीची पाटी मावशीच्या हवाली करायचीस, नळावर हातपाय घासून घासून धुवायचीस, पिशवीतली दुसरी साडी मच्छीवाल्या बायकांच्या आडोशाला नेसायचीस, आणि मग आपण रिक्षा पकडायचो. तरी हॉस्पिटलात कोणीतरी नाक मुरडायचंच. तू मुद्दाम त्याच बाईच्या बाजूला जाऊन बसायचीस. "सरका जरा, ताई. मच्छी बाजारात ठेवून आलोय, वास तेवढा घाईत पाठी लागला." ती बाई पण हसायची मग.

माझा मास्क केला तो दिवस मला चांगला आठवतो. गरम पाण्यातून जाळीचं प्लॅस्टिक काढून त्यांनी तोंडावर दाबलं, आणि थंड झालं तवा तो माझ्याच तोंडाचा साचा झाला. रोज तो घालून मला टेबलाला अडकवायचे, म्हणजे डोकं हलायला नको. आणि तू काय केलंस, तर दुसऱ्याच दिवशी घरून निघताना माझ्या डोक्याला खोबरेल चोपडलंस. लाईट गरम असणार, पोरीच्या डोक्याला थंडावा पाहिजे, असा तुझा हिशोब. आतली लाईट देणारी ताई वैतागली. "आई, तेल लावायचं नाही. कातडी भाजते त्याने, मास्कही घसरतो." तू म्हणालीस, "अगो, जन्मल्यापासून तेल लावतंय मी हिच्या डोक्याला. आता ऐन वक्ताला सुकं ठेवू?" तिने ओल्या कापडाने माझं डोकं पुसलं आणि तू बाटली घट्ट धरून बघत राहिलीस. डोक्याला हात लावायचा नाय म्हटल्यावर तुला काय करावं कळेना. मग त्या दिवसापासून नंबर येईपर्यंत तू पॅसेजमध्ये खाली फरशीवर बसायचीस, माझे पाय मांडीवर घ्यायचीस आणि तेच तेल तळव्यांना चोळायचीस. शिपाई म्हणायचा, "बाई, घसरून पडेल कोणीतरी." तू म्हणायचीस, "पडला तर त्याला पण चोळीन."

पण मला आतमधलं जास्त आठवतं. तो जाड दरवाजा बंद झाला की आत कोणीच नसतं. मी पहिल्या दिवशी इतकी रडले की मास्कच्या आत नाक भरून आलं. मग त्या ताईने तुला बाहेर माईकपाशी बसवलं. "बटण दाबा आणि बोला, ती ऐकतेय." तू बटण दाबून म्हणालीस, "हॅलो, कोण बोलतंय?" ताई म्हणाली, "आई, तुम्हीच बोलताय." मला मास्कमध्ये हसायला येत होतं आणि हलायचं तर नव्हतं. मग तू रोज बाजारातलं सांगायचीस. मावशीची सुरमईची डोकी मांजरीने पळवली, मग मावशी मांजरीला सोडून बाजूवालीशीच भांडली, असलं काय काय. आणि शेवटी, "निजली नाय ना गो? झालं, बाय, आलंच दार उघडायला."

हे सगळं मला शब्दाला शब्द आठवतं. शाळेतलं काय आठवायचं नाय. आठवीत बाई फळ्यावरचं पुसायच्या आणि माझ्या डोक्यातलं पण त्याच्याबरोबर जायचं. पोरी लाईटने कानावर पडलेल्या टकलाकडे बघायच्या, म्हणून मी ओढणी घेऊन मागे बसायचे, आणि मग जायचंच सोडलं. आता मावशीबरोबर कोलंबी सोलते. गिऱ्हाईकाशी मावशी बोलते, मी खाली बघून सोलते. त्याचं मला वाईट नाय वाटत.

डॉक्टर चांगले हायत. घाईत बोलत नायत. म्हणाले, "ह्या जागेला एकदा लाईट मिळालेली आहे, मेंदू ते धरून ठेवतो. म्हणून ह्या वेळी कमी, आणि अगदी गाठीपुरती. तरी बाजूची चांगली जागा सुजू शकते. हात जड पडेल, विसरायला होईल, नाही असं नाही. गाठ कायमची जाईल असं मी म्हणत नाही. पण वेळ मिळेल. नाही घेतली तर ती वाढणार." बाबांनी तेवढं एकच ऐकलं, वेळ मिळेल. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवणारा माणूस, घरी येताना पूर्ण रस्ता रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगत बसला. मावशी म्हणाली, "देवीला साकडं घालू, घे तू." मी ऐकलं ते एवढंच, विसरायला होईल.

कारण तुझा आवाज आधीच गेलाय, आय. शब्द हायत, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. तुझ्या हाताची खरखर अजून हाय, तळव्याला कळते. आणि तुझं ते बटण दाबल्यावर बोलायच्या आधी खाकरणं. एवढंच उरलंय, आणि ते डोक्यात नक्की कुठं ठेवलंय मला ठाऊक नाय.

आज परत गेलो. रिक्षात मी मनात घोकत होते की डॉक्टरांना विचारायचं, आयची आठवण गाठीच्या किती जवळ असते, ती जागा सोडून लाईट फिरवता येईल काय. आत गेल्यावर बाबांकडे बघितलं आणि मी लाईट घेते म्हणून डॉक्टरांना सांगितलं. मास्क नवीन करणार, तोंड मोठं झालंय ना. मग डॉक्टर म्हणाले, "तुला काही विचारायचंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. मी विचारलं, "सुकी मच्छी खाल्ली तर चालेल?" डॉक्टर म्हणाले, "भाजून की कालवण?" बाबा हसले, किती दिवसांनी. मी पण हसले, आणि विचारायचं होतं ते राहिलं.