मिशीची अट

३ मार्च, सोमवार
झेरॉक्सवाल्याने आज सांगितलं — महिनाअखेर दुकानातला तुमचा कोपरा सोडा, त्याला दुसरं मशीन ठेवायचंय. चूक त्याची नाही. पण मी माझं शिलाई मशीन घेऊन जाऊ कुठे? बॅगांच्या चेनी अन् पट्टे विद्यापीठाच्या दारातच तुटतात. लांब गेलो तर कोण येणार!

७ मार्च
दलालाने विद्यापीठासमोरच्या चौकातल्या जुन्या दगडी इमारतीतला तळमजल्याचा गाळा दाखवला. कमानीचं दार, वर लाकडी छत. बाहेर जतनाची पाटी — खिळा मारायचा नाही, दाराचा रंगही बदलायचा नाही. मला कशाला बदलायचाय! उंबऱ्यावर उभा राहून मनातच हात जोडले.
मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. बऱ्याच जणांना परत पाठवलंय म्हणे. कारण सांगत नाहीत.

११ मार्च, मंगळवार
मालकीणबाईंना भेटलो. ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ. दलाल पाठमोरा, चपला काढता काढता बोलत होता. त्याला उत्तरच दिलं नाही. मला खिडकीसमोर बसवलं. काम काय करता, विचारलं. मी सांगत होतो आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मिशी कापा. ओठ दिसत नाहीत."
गंमत वाटली. गंमत नव्हती.
मशीनची धडधड वर येईल, म्हणून मी आपणहून म्हटलं — खाली रबर घालतो. तर ताडकन, "रबर नको. आहे तसंच चालू द्या."
जिन्यात दलाल म्हणाला, म्हातारी सटकलीय.

१२ मार्च
घरात हसून हसून पुरेवाट. बायको म्हणते, मी मिशी बघून होकार दिला होता, आता माल परत करू का? मुलगी म्हणते, बाबा, खाली चेहरा आहे का तेही कळेल.
मला मात्र हसता येईना. ही मिशी वडिलांची. आरशात ते तेवढेच उरलेत.

१६ मार्च, रविवार
सकाळी देवापुढे बसलो. देवाला काय विचारणार — मिशीचं? तरी विचारलं.
न्हाव्याकडे जाऊन आलो.

१७ मार्च
गाळा मिळाला! मालकीणबाईंनी नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हं. आता बोला."

१ एप्रिल, मंगळवार
गाळ्यातला पहिला दिवस. दुपारपर्यंत बॅगांचा ढीग. मालकीणबाई खाली येऊन बसल्या. मला म्हणाल्या, तोंड उघडून बोलत जा. गावच्या शाळेत गुरुजीही हेच म्हणायचे.
काम करताना देवाचं नाव गुणगुणायची सवय आहे. वर त्रास नको, म्हणून अगदी हळू.

९ एप्रिल
काल तापाने पडलो होतो, गाळा बंद. आज उघडतोय तोच मालकीणबाई जिन्यावर. "कुठे होतात? घर कालपासून निपचित पडलंय." रागावल्या होत्या. का कोण जाणे, बरं वाटलं.

२४ एप्रिल, गुरुवार
मालकीणबाईंची भाची आली होती. तिला विचारलं, माझ्या गुणगुणण्याचा त्यांना त्रास नाही ना होत? ती बघतच राहिली. "आत्याला? तिला कित्येक वर्षांत काही ऐकू आलेलं नाही. ओठ वाचते. कुणाला कळू देत नाही."
सुट्टीत मदतीला आलेल्या माझ्या मुलीला मशीनवर बसवलं आणि त्यांची शिवलेली पिशवी द्यायला वर गेलो. दार उघडंच. मालकीणबाई खुर्चीत, डोळे मिटून. चपला बाजूला. अनवाणी पावलं लाकडी जमिनीवर घट्ट टेकवलेली. खालून मशीनची धडधड फळ्यांत येत होती.
पिशवी दाराशी ठेवून आलो.
मिशी वाढली होती. कापून घेतली.