फिरायला गेलेलं घर

प्रिय दादा,

चष्मा तपासताना गिऱ्हाइकाच्या हातात देतो ना, ते वाचायचं कार्ड फाटलं. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी. नवं येईपर्यंत म्हटलं, आपणच काहीतरी लिहावं. हात आपोआप लिहू लागला, "एक घर होतं. माणसं बाहेर पडली की तेही फिरायला निघायचं."

आठवतं? शाळेत असताना ते घर मी लिहायचे आणि तू पलंगाखाली लोळत वाचायचास. पान संपलं की जमिनीवर पाय आपटून विचारायचास, "पुढे?" तू शिकायला दूर गेलास आणि माझं लिहिणं सुटलं. विचारणारंच कोणी उरलं नाही.

काल शेजारचे शिंपीकाका आले. आधी त्यांना दोनच ओळी दिसल्या. मी भिंगं बदलत गेले, तसतसं घर गल्ली ओलांडून, पुलावरून, धुक्यातून नदीपर्यंत पोचलं.

"नंबर अजून वाढवा," काका म्हणाले. "घर परत आलं का, ते दिसेना."

"नंबर बरोबर आहे, काका. मी तिथवरच लिहिलंय."

"मग लिहा की."

आज दुपारी लिहिलं.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तुझ्या डोळ्यांना लागेल असं भिंग आता कुठल्याच दुकानात नाही, आणि वहिनी तुला एका दमात वाचून दाखवून मोकळी होईल. रविवारी मीच येते, कार्ड घेऊन. वाचत वाचत नदीपाशी आले की थांबेन. तू पाय आपट.

तुझीच,
धाकटी