अकरा घरांचा चहा

सारंगखेडा,
सोमवार

ती. सौ. सिंधुआक्कास,
धाकट्या अमृतचा साष्टांग दंडवत. तुझे गुडघे आणि दाजींचा स्वभाव, दोन्ही होते तसेच असतील. आम्ही मजेत. डायलिसिसला या महिन्यात नववं वर्ष लागलं. आठवड्यातून तीनदा नंदुरबारला जाऊन रक्त धुऊन आणतो. (रानभर केळी स्वतःची, पण एक केळं खायची चोरी. पोटॅशियम म्हणे.) पाणी दिवसाला पाऊण लिटर, चहाही त्यातच धरायचा.

तर आपल्या भूमिकाची सोयरीक म्हसावदला ठरली. बापाचं दुखणं कळलं तर पोरीचं अडेल, म्हणून शीलाने ते लपवायचं ठरवलं. बायकोपुढे माझं कधी चाललंय? डाव्या हाताची सुया टोचायची शीर दोरखंडासारखी फुगलेली, ती झाकायला भर चैत्रात लांब बाह्यांचा सदरा घालून गेलो. पण तिकडची रीत अशी, की नव्या व्याह्याला भाऊबंदातलं प्रत्येक घर चहाला बोलावतं, आणि कप परत गेला तर सोयरीक नापसंत धरतात. अकरा घरं निघाली. मी अकराही कप प्यालो. (सातव्या घरी रमिलाबाईंनी कौतुकाने वर ताकही पाजलं.) शेवटच्या ओट्यावर छातीत पाणी भरलं, श्वास मिळेना, आणि व्याही चुनीलालभाईंनीच मला गाडीत घालून दवाखाना गाठला. तिथे नर्सने बाही कापली आणि सगळं उघडकीला आलं. सोयरीक मोडली, असं धरून मी डोळे मिटून पडलो. तर चुनीलालभाई उशाशी बसून म्हणाले, "आमले पहिलेपासून माहीत व्हतं. तुम्ही च्या पीत गयात, आमले वाटनं तब्बेत सुधरनी." म्हणजे आम्ही लपवत होतो, ते माहीत असल्याचं दाखवत नव्हते, आणि या सभ्यपणात मी मरता मरता राहिलो. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. सोयरीक कायम आहे.

दाजींना नमस्कार सांग. उन्हात फिरू नकोस.

तुझा
अमृत

ता.क. एवढं पाणी एकदम काढताना रक्तदाब पडला आणि हातातली शीर गोठली. आता रक्त धुवायला मानेत नळी आहे. उजव्या हातात जागा आधीच संपली होती, आणि ही नळी किती दिवस चालेल ते डॉक्टर सांगत नाहीत. शीलाला यातलं अर्धंच माहीत आहे. फोनवर बोलावं तर ती समोरच असते, म्हणून हे पत्र. लग्न महिन्यावर आलंय. कन्यादानाला बसायची तयारी तू आणि दाजी ठेवा.

ता.क. आणखी एक. त्या दिवशी मी मांडवात आलोच, तर मात्र तुम्ही दोघं पाटावरून उठा. मला बसायचंय.