सेकंदाला दोन केबी

ता. ९ फेब्रुवारी २०००

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कंपनीने सध्या रोज दोन-दोन ठिकाणी मोडेम बसवायला पाठवायचा सपाटा लावलाय. घरी आलो की जेवायचंही त्राण उरत नाही.

चिमणीला गणितात चांगले मार्क पडले हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, मामाची लाज राखलीस. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा मिळालाय, पार्सलने पाठवतो. पाठीचं दुखणं अंगावर काढू नकोस, एकदा दाखवून ये.

तू लिहून मागितलंयस त्याबद्दल. भावजींच्या मृत्यूच्या चौकशी समितीसमोर तुला जाणकाराचा दाखला हवाय, की स्कॅनची सहा एमबीची चित्रं फोनवरून उतरवायला वीस मिनिटं पुरतात, म्हणजे त्या सर्जनने उरलेला वेळ नुसता वाया घालवला. कागदावर हिशेब तसाच निघतो, हे खरं. पण मी पडलो तुझा सख्खा भाऊ, माझ्या सहीला समिती काय किंमत देणार? साहेबांना विचारून बघतो.

आणि ताई, त्या डॉक्टरच्या बाबतीत जरा दमाने घे. तू लिहितेस, "माझा माणूस बाहेर स्ट्रेचरवर जात होता आणि हा हाताची घडी घालून कॉम्प्युटरकडे बघत बसला होता." तू पाहिलंस ते खोटं नाही. पण लांबून सगळंच कळतं असं नाही.

जास्त काय लिहू. चिमणीला पापा.

तुझा,
बारक्या


ता. २ मार्च २०००

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. चिमणी शाळेत गेली की वाच.

तुझी दोन पत्रं आली, दोन्ही मी उशाखाली ठेवून दिली. दुसऱ्यात तू लिहिलंस, "बारक्या, तुला दाखला द्यायचा नसेल तर तसं सांग, मी दुसरा माणूस बघते." दुसरा माणूस बघू नकोस. त्या हॉस्पिटलात मोडेम मीच बसवलं होतं.

भावजी जायच्या चार महिने आधी. हायवेवरच्या स्कॅन सेंटरने डोक्याचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर चढवायचा, आणि अँब्युलन्स चाळीस मिनिटांनी हॉस्पिटलात पोचायच्या आत सर्जनने तो फोनवरून उतरवून घ्यायचा, अशी ती योजना. कंपनीने छप्पन किलोबिटचा वेग कबूल केला होता. त्या वेगाने सेकंदाला पाच केबी उतरतात, एका स्कॅनची बाराही चित्रं वीस मिनिटांत. मी जोडणी केली आणि वेग लागला एकवीस. हॉस्पिटलकडे येणारी जमिनीखालची तार कुजली होती. रिसीव्हर कानाला लावला तरी खरखर ऐकू यायची. चित्रं उतरत होती सेकंदाला दोन केबीने.

मी फॉर्मवर एकवीस लिहिलं. साहेबांनी फॉर्म वाचला आणि फाडला. म्हणाले, "तार बदलायला सहा महिने लागतील. तोवर ऑर्डर राहील का आपल्याकडे? जा, नीट टेस्ट करून आण."

नीट म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला ठाऊक होतं. चित्राऐवजी नुसत्या लिखाणाची फाइल उतरवायची. लिखाण मोडेम वाटेतच दाबून लहान करतं, त्यामुळे ते पळतं. चित्र आधीच दाबलेलं असतं, ते आणखी दबत नाही. मी लिखाणाची फाइल उतरवली, आकडा झकास आला. छप्पन लिहिलं, सही ठोकली, आणि नर्सने दिलेला चहा पिऊन निघालो. साहेबांनी हात धरून लिहवून घेतलं नाही, ताई. मी लिहिलं.

त्या दिवशी भावजी गोदामात शिडीवरून पडले, तेव्हा सगळ्यांनी जे करायचं ते केलं. स्कॅन वेळेत झाला, अँब्युलन्सही वेळेत पोचली. चित्रं नवव्यापर्यंत आली आणि लाइन तुटली. प्रोग्रामने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भावजी पोचल्यावर पाऊण तासाने शेवटचं चित्र उतरलं. रक्त कुठे साचलंय ते दिसल्याशिवाय सर्जनने कवटी उघडायची तरी कुठे? तू त्याला बघितलंस तेव्हा तो पडद्यावरची पट्टी सरकायची वाट बघत होता. त्याने समितीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चित्रं आली नाहीत. त्याच्यासमोर माझा फॉर्म टाकला गेला. छप्पन लिहिलेला. मग कोण विश्वास ठेवणार?

वेळेत चित्रं मिळाली असती तर भावजी वाचले असते का? सर्जन म्हणतो, सांगता येत नाही. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाहीये. त्याने मी सुटत नाही.

मंगळवारी मी समितीकडे गेलो. आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो, रविवारी. तू दारात तांदूळ निवडत बसली होतीस. मी परत फिरलो. परक्यांना सांगणं सोपं गेलं.

समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तोंडी नको. करून दाखवा." तीच बारा चित्रं, तोच कॉम्प्युटर, तीच तार. अजून बदललेली नाही ती. तिघे सदस्य खुर्च्या ओढून बसले, सर्जन खिडकीशी उभा राहिला. मी सुरू केलं.

पाच मिनिटं गप्पा झाल्या. दहाव्या मिनिटाला एकाने घड्याळ बघितलं. बाहेरून ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. खूप वेळाने बाईंनी विचारलं, "आता किती राहिलं?"

"अजून निम्मं व्हायचंय," मी म्हणालो.

सर्जन खोलीबाहेर निघून गेला. व्हरांड्यात त्याच्या चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ताई, त्या दिवशी त्याला असं उठून जाताही आलं नव्हतं.

चोपन्न मिनिटं लागली. लाइन तुटली नाही तरीही. शेवटच्या चित्राखाली भावजींचं नाव आणि वय होतं. बेचाळीस.

बाईंनी विचारलं, "मग छप्पन का लिहिलंत?"

"नोकरी टिकवायची होती."

"टिकली?"

"आजपर्यंत."

बुधवारी कंपनीने घरी बसवलं. साहेबांनी जबाब दिलाय की एकवीसचा फॉर्म त्यांनी कधी पाहिलाच नाही. फाटलेला कागद मी कुठून आणू? सर्जनवरचा आरोप समिती काढून टाकणार आहे. व्हरांड्यात मी त्याच्यासमोर हात जोडले. तो म्हणाला, "मला नका सांगू. पेशंटच्या बायकोला सांगा. त्या मला रस्त्यात बघितलं की तोंड फिरवतात."

आता कंपनीचा वकील तुझ्याकडे येईल. गोड बोलेल. भावाला वाचवायचं असेल तर केस करणार नाही म्हणून इथे सही करा, म्हणेल. करू नकोस. घरात घेऊ नकोस त्याला. मला वाचवायचा विचार मनात आणू नकोस, आलाच तर भावजींच्या फोटोसमोर जाऊन उभी राहा.

सोबत माझ्या जबाबाची आणि त्या छप्पनच्या फॉर्मची प्रत जोडली आहे. चांगला वकील बघ. कंपनीवर केस कर, त्यात माझंही नाव घाल. सही माझीच आहे, असं मी कोर्टात सांगेन, जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा.

चिमणीला तू काही सांगू नकोस. तिला सांगायचं काम माझं. कधी यायचं, की यायचंच नाही, ते तू ठरव.

तुझ्या पत्राची वाट बघत नाही,
बारक्या